सूचना : कार्यालयातील संगणकांची दुरून दुरुस्ती

संस्थेचे सर्व सभासद व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, यवतमाळहून तंत्रज्ञ येईपर्यंत पीककर्जाचे काम अडून राहू नये म्हणून कार्यालयातील संगणकांची किरकोळ दुरुस्ती यापुढे एनीडेस्क (तंत्रज्ञास आपल्या जागेवरून दुसरा संगणक हाताळू देणारे सॉफ्टवेअर) याद्वारे दुरूनच करून घेतली जाईल.

जोडणी देण्यापूर्वी गटसचिवांनी नोंदवहीतील क्रमांकावर तंत्रज्ञास स्वतः फोन करावा. समोरून फोन आल्यास, बोलणारा बँकेतून बोलत असल्याचे सांगत असला तरीही, एनीडेस्कच्या खिडकीतील क्रमांक त्यास मुळीच सांगू नये. जोडणीची विनंती नाव पाहूनच स्वीकारावी, काम संपेपर्यंत खुर्ची सोडू नये आणि त्या वेळात बँकेचे संकेतस्थळ उघडू नये. ओटीपी तर आपल्या तंत्रज्ञासही लागत नाही. फसवणूक होऊन पैसे गेल्यास संकोच न बाळगता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

राउटरचा दिवाच लागत नसेल तर दुरून काहीही करता येत नाही. अशा वेळी आधी मागच्या खोलीतील तार पाहावी, कारण ढेपेच्या पोत्यांमागे उंदीर ती कुरतडतात. पोती तेथून हलवावीत, ही विनंती याआधीही केलेली आहे.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने जुना संगणक बदलण्याचा विषय येत्या मासिक सभेत घेण्यात येईल.

— अध्यक्ष, सेवा सहकारी संस्था