मंत्रिमहोदय, दार उघडणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या खासगी घरांचे फोटो मी बारा वर्षं काढते आहे. पत्र पाठवायचं, उत्तराची वाट पाहायची आणि बहुतेक वेळा नकार ऐकायचा, असं हे काम. नकाराचा राग येत नाही. एका आजींनी माझ्या तिसऱ्या पत्रानंतर दार उघडलं. मी जिन्यापाशी ट्रायपॉड लावत होते, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "खिडकीतल्या माझ्या औषधांच्या बाटल्या येणार नाहीत ना गं फोटोत?" आधी कुणीतरी त्यांच्या झोपायच्या खोलीचा फोटो पत्त्यासकट इंटरनेटवर टाकला होता. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी फाटकाशी अनोळखी माणसं उभी राहायची. मी बाटल्यांना हात लावला नाही, कॅमेराच थोडा डावीकडे सरकवला. जिना अख्खा आला, बाटल्या नाही.

फोटो आहेत, मग आत जायचं कशाला, असं विचारलं जातं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरातलं १९२४ चं रीटव्हेल्ड श्रोडर घर घ्या. वरच्या मजल्यावरच्या सरकत्या भिंती ओढल्या की खोल्या होतात, ढकलल्या की सलग दालन. कोपऱ्यातली खिडकी उघडली की कोपराच नाहीसा होतो, कारण तिथे खांबच नाही. हे फोटोत सापडत नाही, तिथे उभं राहावं लागतं. ते बांधून घेणाऱ्या ट्रुस श्रोडर १९८५ पर्यंत, अखेरपर्यंत त्याच घरात राहिल्या. आज ते लोकांना पाहता येतं.

पण प्रत्येक घराचं संग्रहालय होणार नाही, होऊही नये. वास्तुकार मीस व्हान डर रोह यांनी अमेरिकेत १९५१ मध्ये पूर्ण केलेल्या काचेच्या घरात मालकीण एडिथ फार्न्सवर्थ यांना बघ्यांचा किती जाच झाला, हे सर्वश्रुत आहे. मालकाला एकटं पाडून "वारसा, वारसा" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून विनंती अशी. मालकाने स्वखुशीने वर्षातले एक-दोन दिवस घर दाखवावं. नावनोंदणी, स्वयंसेवक आणि विम्याची जबाबदारी आपल्या खात्याने घ्यावी. लंडनमध्ये १९९२ पासून अशा खुल्या दिवसांत राहती घरंही पाहायला मिळतात. ब्रिटनमध्ये वारसा-वास्तू जपून लोकांना पाहू दिली, तर वारसाकरात, म्हणजे वारशाने मिळालेल्या मालमत्तेवरच्या करात, सशर्त सूट मिळते. घर दाखवणाऱ्याला गळक्या छपरासाठी तरी हातभार मिळायला हवा.

फोटोंचा नियम साधा असावा. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी दर्शनी बाजू टिपायला मुभा आहे; समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून काढलेल्या फोटोला ती नाही, हे तिथल्या न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केलं. आपणही रस्त्यावरून मोकळीक द्यावी. आत मात्र मालकाची लेखी संमती लागावी आणि पत्ता, माणसं, खासगी वस्तू प्रसिद्ध करायला मनाई असावी.

त्या आजी आता नाहीत. घर विकायला निघालं आहे. नव्या मालकालाही मी पत्र लिहिणार आहे. सोबत आपल्या खात्याचा एखादा कागद जोडता आला, तर त्याला निदान एवढं कळेल की दार उघडलं तर पुढचं सगळं त्याला एकट्याला निस्तरावं लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक छायाचित्रकार