भुलेतल्या ॲलर्जीचे ऑडिट मिनिटांच्या हिशेबाने व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूल देताना किंवा शस्त्रक्रिया चालू असताना होणाऱ्या तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची, चर्चा होते ती बहुधा रुग्ण दगावल्यावर. कोणाचे चुकले यावर चार दिवस वाद होतो आणि विषय मागे पडतो. खरे तर शिकण्यासारखे बरेचसे वाचलेल्या रुग्णांच्याच कागदांत असते. त्यांची पद्धतशीर तपासणी आणि मोजदाद, म्हणजेच ऑडिट, व्हायला हवे. मात्र नुसते आकडे मांडून भागत नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने हे काम करून दाखवले आहे. नोव्हेंबर २०१५ पासून वर्षभर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांकडून जिवावर बेतलेली प्रकरणे मागवली गेली, तज्ज्ञांच्या मंडळाने त्यांतली २६६ एकेक करून तपासली आणि २०१८ मध्ये अहवाल आला. 'नॅप ६' या नावाने तो ओळखला जातो. त्या वर्षी तिथे सुमारे ३१ लाख वेळा भूल दिली गेली. निसटलेल्या नोंदी गृहीत धरून, साधारण १० हजारांत एक रुग्ण, असे प्रमाण निघाले. १० मृत्यू झाले.

या ३१ लाखांना फार महत्त्व आहे. प्रकरणे नुसती मोजली तर को-अमॉक्सिक्लॅव हे पेनिसिलिन गटातले ॲन्टिबायोटिक टायकोप्लॅनिन या दुसऱ्या ॲन्टिबायोटिकपेक्षा जास्त त्रासदायक दिसते. पण ते औषध किती जणांना दिले गेले याने भागले की चित्र उलटते: दर लाख वापरांमागे टायकोप्लॅनिनची १६.४ प्रकरणे, को-अमॉक्सिक्लॅवची ८.७. आणि टायकोप्लॅनिन अनेकदा दिले जाते ते फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शेरा असतो म्हणून. नीट चाचणी केली तर असे शेरे दहापैकी नऊ वेळा खोटे ठरतात! तेव्हा ज्या ऑडिटमध्ये औषधांच्या एकूण वापराची नोंद नाही, त्याच्या निष्कर्षावरून कोणतेही औषध बंद करू नये.

दुसरी अडचण भुलेच्या चार्टमध्येच असते. 'इंडक्शन' (भुलेची सुरुवात) असे लिहून एकाच मिनिटासमोर चार-पाच औषधे मांडलेली असतात: वेदनाशामक, झोप आणणारे प्रोपोफॉल, स्नायू शिथिल करणारे औषध, वर ॲन्टिबायोटिक. रक्तदाब कोसळला तर दोष कोणाचा, हे अशा चार्टवरून कोणालाच सांगता येत नाही. ॲन्टिबायोटिकची प्रतिक्रिया बहुधा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. म्हणून शक्य असेल तिथे ते भूल देण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे द्यावे. रुग्ण जागा असतो, त्रास लवकर कळतो आणि चार्टही स्वच्छ राहतो.

चार्टवर न चढणाऱ्या गोष्टी तर आणखी घातक. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक त्वचा पुसायच्या द्रावणात असते, मूत्रनलिका घालताना वापरायच्या जेलमध्ये असते आणि काही सेंट्रल लाइन्सवर (मोठ्या शिरेत घालायच्या नळ्यांवर) त्याचा लेप असतो. ब्रिटिश पाहणीत ज्या प्रकरणांचे कारण सापडले, त्यांत ॲन्टिबायोटिके सुमारे ४७ टक्के आणि स्नायू शिथिल करणारी औषधे ३३ टक्के होती. त्याखालोखाल ९ टक्क्यांवर क्लोरहेक्सिडिनच होते. त्यांतल्या बहुतेक घटनांत त्या वेळी त्याचा संशयही कोणाला आला नव्हता. त्याची प्रतिक्रिया थोडी उशिरा येऊ शकते, त्यामुळे बोट भलत्याच औषधाकडे जाते. लेप असलेली लाइन आत ठेवून उपचार चालू ठेवणे म्हणजे आगीवर पाणी मारताना तेलाचा नळ उघडा ठेवणे. संशय आला की ती लाइन काढलीच पाहिजे. लाइन, जेल, शस्त्रक्रियेतले निळे रंगद्रव्य, शिरेतून दिलेले जिलेटिनचे द्रव, भुलेचा परिणाम उलटवणारे औषध, या सगळ्यांची वेळ ऑडिटच्या फॉर्मवर स्वतंत्र रकान्यात हवी.

ऑडिटने उपचारही तपासावेत. पहिले लक्षण कधी दिसले आणि ॲनाफिलॅक्सिसवरचे मुख्य औषध असलेले ॲड्रेनॅलिन पहिल्यांदा कधी दिले, यांतले अंतर हा आमच्या मते सर्वांत बोलका आकडा. भुलेत रक्तदाब तसाही उतरतो, म्हणून सुरुवातीला कोणी भुलेच्या औषधाला दोष देते, कोणी रक्तस्रावाला, आणि नेहमीची रक्तदाब वाढवणारी इंजेक्शने एकामागून एक जात राहतात. पुरळाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. ते अनेकदा शस्त्रक्रियेच्या कापडाखाली झाकलेले असते किंवा रक्ताभिसरण सुधारल्यावर उमटते. ब्रिटिश पाहणीत सुमारे ११ टक्के प्रकरणांत ॲड्रेनॅलिन दिलेच गेले नव्हते. प्रौढाला शिरेतून ५० मायक्रोग्रॅम द्यायचे: १ मिलिग्रॅमचा ॲम्प्यूल पातळ करून १० मिलिलिटर केला, तर त्यातले अर्धा मिलिलिटर. ॲम्प्यूल तसाच ओढला तर दहापट डोस जातो. घाईत नेमके हेच होते, म्हणून तयार सिरिंज आणि पाठ केलेले माप दोन्ही हवेत. शीर मिळत नसेल तर मांडीच्या स्नायूत ५०० मायक्रोग्रॅम. सोबत सलाइन भरभर आणि भरपूर. वरचा रक्तदाब ५० च्या खाली गेला किंवा मोजताच येईना, तर मॉनिटरवर ठोके दिसत असले तरी छातीवर दाब देणे सुरू करावे. स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी इंजेक्शन यांचा नंबर नंतर.

ट्रिप्टेज हे ॲलर्जीच्या वेळी पेशींतून रक्तात सुटणारे द्रव्य; त्याच्या चाचणीत सगळ्यांत जास्त ढिलाई होते. नमुने तीन लागतात: रुग्ण सावरताच पहिला, एक ते दोन तासांनी दुसरा (चार तास उलटू देऊ नयेत) आणि किमान २४ तासांनंतर तिसरा. ट्यूबवर तारखेसोबत वेळ हवीच. तिसरा नमुना लोक टाळतात, कारण रुग्ण तोवर बरा दिसतो. पण तुलना होते ती त्याच्याशीच: मूळ पातळीला १.२ ने गुणून त्यात २ मिळवायचे, आणि घटनेच्या वेळची पातळी त्याहून जास्त असेल तर ती वाढ खरी. समजा मूळ पातळी ४ आहे, मर्यादा ६.८ झाली. घटनेच्या वेळी ९ आली, तर प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येईल, कारण त्यांची वरची सीमा सहसा ११ च्या पुढे असते. प्रत्यक्षात ती वाढ अर्थपूर्ण आहे. पातळी वाढली नाही म्हणून ॲनाफिलॅक्सिस नव्हताच असेही म्हणता येत नाही, त्यामुळे त्वचेच्या चाचण्या कराव्याच लागतात. त्या साधारण चार ते सहा आठवड्यांनी, आणि चार्टच्या पूर्ण प्रतीसह.

शेवटी रुग्णाच्या हातात काय पडते, हेही ऑडिटने विचारावे. 'भुलेची ॲलर्जी' एवढेच डिस्चार्ज कार्डावर लिहिले तर पुढचा भूलतज्ज्ञ चाचपडतो किंवा शस्त्रक्रियाच पुढे ढकलतो. चाचण्या होईपर्यंतच्या तात्पुरत्या पत्रात त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचे नाव, क्लोरहेक्सिडिनसकट, असावे. चाचण्यांनंतरच्या पत्रात टाळायचे औषध आणि चालणारे पर्याय नावानिशी लिहावेत. एक प्रत रुग्णाला, एक त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना, एक भूलशास्त्र विभागाला. या तिन्ही प्रती पोचल्याची तारीख फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात भरेपर्यंत प्रकरण बंद करू नये.

आपले,
दोन भूलतज्ज्ञ वाचक