दत्ता, आईचं लिहायचंय

दत्ता लेका,

दिवाळीत तुझा फोन आला, नंतर करतो म्हणता म्हणता राहून गेलं. राग वगैरे नाही. उदगीरच्या बसमधलं भांडण मी कधीच सोडून दिलंय (चूक तुझीच होती). तब्येत बरी, शुगर आहे तिथंच.

आईचं लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगू? भूकंपात शकूला काढलं तेव्हा ढिगाऱ्याच्या पलीकडून तूच माती ओढत होतास.

आईला आता माझं नाव सुचत नाही, जेवलेलं आठवत नाही. पण पहाटे ३:५६ व्हायच्या आत उशी काखेत मारून अंगणात जाऊन बसते. परवा शेजारी बोअरची गाडी घरघरली, तर मलाही दंडाला धरून बाहेर ओढलं. एवढीशी बाई, काय जोर! वर पत्रा आहे, मातीचं जड माळवद नाही, हे सांगून थकलो. आणि अंगणात बसून विचारते, "शकू अजून इसर्जनाहून आली नाही का रं?"

बायको म्हणते, खरं सांगा. सांगितलं की आई हंबरडा फोडते. दरवेळी १९९३ची तीच ३० सप्टेंबर.

त्यात धाकटीनं पुण्याहून काहीबाही वाचायला पाठवलं. मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी असतात. न्यूरॉन पाटील आणि हे त्यांचे सालगडी, असंच आजवर धरलेलं. २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात उंदराला एका पेटीत शॉक दिला. तेव्हा जाग्या झालेल्या ह्याच पेशी पुढं दुसऱ्या, बिनधोक पेटीत चेतवल्या, तर उंदीर तिथंही थिजला. जपानच्या रिकेन संस्थेनं २०२५ मध्ये दाखवलं, की भीती बसल्यावर ह्या पेशी पुढचे काही दिवस नॉरअ‍ॅड्रेनलिनला (मेंदूला सावध करणारं रसायन) हळव्या होत जातात. तीच आठवण पुन्हा निघाली की जोरानं जाग्या होतात आणि तिला पक्कं करतात. हा हळवेपणा मुद्दाम वाढवला, तर उंदीर नको तिथंही भ्यायला लागले.

वाचून पोटात गोळा आला. म्हणजे मी खरं सांगतो तेव्हा नक्की काय करतो? डॉक्टर म्हणाले, उंदरांवरचं आहे, आणि आईचं दुखणं निराळं. एवढं ताणू नका. बरोबरच आहे. पण त्यांना पहाटे अंगणात बसायचं नसतं.

म्हणून हल्ली सांगतो, "शकू दत्ताकडं गेलीय." आई म्हणते, "मग काळजी नाही," आणि तिथंच डोळा लागतो तिचा. तुला न विचारता तुझं नाव घेतलं. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस.

पोरीचं लग्न ठरलं म्हणे! जावई सरकारी नोकरीत, मजा आहे बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन लग्नानंतरच कर.

पत्रिका द्यायला येशील तेव्हा आई तुलाच विचारणार, शकू कुठंय. फाट्यावर घ्यायला येतो. घरात शिरायच्या आधी काय सांगायचं ते ठरवू.

तुझा,
बाळू