काशीला जाताय ते ठीक, पण उतरणार कुठल्या मोहल्ल्यात?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत काशीवर अख्खं पान आलं होतं, ते आमच्या घरी सगळ्यांनी वाचलं. फोटो मस्त, देवळांची माहिती मस्त, कचोरी-जिलेबी आणि थंडीतली दुधाच्या फेसाची मलइयो, सगळं आलं, फक्त राहायचं कुठे यावर एकच ओळ होती की शहरात सर्व बजेटची हॉटेल्स उपलब्ध आहेत. अहो उपलब्ध आहेतच, पण काशीत तोच तर मेन प्रश्न आहे! पुण्यात तुम्ही कोथरूडला उतरा नाहीतर कॅम्पात, रिक्षा दारात येते आणि विषय संपतो. काशीत तसं नाहीये, तिथे चुकीच्या मोहल्ल्यात खोली घेतली की निम्मी ट्रिप ट्रॅफिकमध्ये जाते नाहीतर पायऱ्या चढण्यात जाते, आणि सोबत सत्तरीतले आईवडील असतील (आपली माणसं काशीला जातात ती बहुतेक त्यांनाच घेऊन) तर मग विचारूच नका.

आपल्याकडच्या बऱ्याच यात्रावाल्यांचं ठरलेलं असतं, कॅन्टोन्मेंट, सिगरा नाहीतर सारनाथच्या रस्त्याला कुठेतरी मोठं हॉटेल, कारण मोठी बस तिथंच उभी राहू शकते. लिफ्ट असते, गरम पाणी असतं, नाश्त्याला पोहेसुद्धा मिळतात. पण मग सकाळी नावेतून सूर्योदय बघायचा तर अंधारात उठून गाडीत बसा, संध्याकाळी आरती बघायची तर परत गाडीत बसा, आणि गोदौलिया चौकाच्या अलीकडेच गाडी थांबवतात कारण तिथून दशाश्वमेध घाटापर्यंत वाहनं सोडत नाहीत, म्हणजे एवढं करून शेवटी चालायचंच. कॅन्ट स्टेशन ते गोदौलिया जेमतेम चार किलोमीटर, पण संध्याकाळी त्याला किती वेळ लागेल ते विश्वनाथालाच ठाऊक. आता म्हणे स्टेशनपासून गोदौलियापर्यंत रोपवे काढलाय, त्याने फरक पडेल तर चांगलंच आहे. पण कॅन्टला राहून माणूस काशी बघून येतो, काशीत राहून येत नाही, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

बरं मग घाटाजवळ राहायचं म्हटलं तर ॲपवर शंभर लॉज दिसतात, सगळ्यांना 'गंगा व्ह्यू' आणि सगळी घाटापासून पाच मिनिटांवर. इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे जी त्या ॲपवर कुठेच लिहिलेली नसते. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते, सगळे घाट पश्चिमेच्या काठावर, अस्सीपासून वर राजघाट-आदिकेशवपर्यंत असे चौऱ्याऐंशीच्या आसपास घाट, समोरचा काठ म्हणजे नुसती रेती. दशाश्वमेधच्या दक्षिणेला, म्हणजे अस्सीच्या बाजूला, गोदौलियाहून मदनपुरा, सोनारपुरा करत अस्सीकडे जाणारा गाडीरस्ता नदीला धरून जातो, त्यामुळे रस्त्यावर उतरलात की छोट्या गल्लीतून घाट पटकन येतो. दशाश्वमेधच्या उत्तरेला मात्र गाडीरस्ता चौक, मैदागिन असा आतल्या बाजूने जातो आणि रस्ता आणि नदी यांच्यामध्ये पक्का महाल म्हणतात तो जुना भाग पसरलाय, नुसत्या गल्ल्या, दोन माणसं आणि एक बैल समोरासमोर आले की कोणीतरी ओट्यावर चढायचं. मॅपवर दोन्हीकडची अंतरं सारखी दिसतात, पण बॅगा घेऊन चाललं की फरक कळतो, आणि गल्लीत शिरल्यावर मॅपचा निळा ठिपका पण वेड्यासारखा उड्या मारायला लागतो.

म्हणून लॉजवाल्याला फोन केला की घाट किती लांब हे विचारूच नका, विचारायचं हे की ई-रिक्षा कुठपर्यंत येते, तिथून किती चालायचं, मध्ये पायऱ्या किती, आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. नदीपासून दोनशे मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे घाटावरची लॉजं म्हणजे बहुतेक जुने वाडे आणि हवेल्याच, लिफ्ट क्वचित, जिने अंधारे आणि उभे, आणि तो सुंदर व्ह्यू नेमका सगळ्यात वरच्या मजल्यावर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी व्ह्यू सोडावा आणि तळमजला मागावा, गंगा काय खाली उतरलं की आहेच.

वयस्कर मंडळी असतील तर माझा सल्ला सोनारपुरा ते केदार घाट हा पट्टा. रिक्षा जवळ येते, केदारेश्वराचं देऊळ तिथंच, आजूबाजूला जुनी दक्षिणी वस्ती असल्यामुळे इडली-डोसा मिळतो, बंगाली टोला लागूनच. दशाश्वमेध घाटाघाटाने चालत जाता येतं आणि दमलं तर रस्त्यावर येऊन रिक्षा पकडता येते, ही सोय फार मोठी आहे. फक्त हरिश्चंद्र घाट शेजारीच आहे, तिथे दहन चालू असतं, ते आधी माहीत असावं.

अस्सी जरा वेगळं आहे. मोकळा घाट, सकाळी सुबह-ए-बनारस म्हणून आरती, गाणं, योगा असतं, विद्यापीठाची पोरं, परदेशी लोक, कॅफे, पिझ्झा सगळं. जवळच भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे जे आपल्या बऱ्याच यात्रेकरूंना कोणी दाखवतच नाही, संकटमोचन मारुतीचं देऊळ आणि बनारस हिंदू विद्यापीठ पण याच बाजूला. तरुण मंडळी किंवा आठवडाभर निवांत राहणाऱ्यांनी अस्सीलाच राहावं. पण विश्वनाथाची मंगला आरती करायची असेल तर अस्सी लांब पडतं, ती पहाटे 3 च्या सुमाराला असते आणि त्याच्याही आधी तिथे पोचायचं असतं, त्या वेळेला रिक्षावाला सांगेल तो भाव. त्यासाठी निदान एक रात्र तरी गोदौलिया, चौक, बांसफाटक या बाजूला चालत जाता येईल अशा ठिकाणी काढलेली बरी.

देवळाच्या अगदी जवळ राहायचं तर एक लक्षात घ्या, काका-मामांनी सांगितलेले जुने पत्ते आता चालणार नाहीत. 13 डिसेंबर 2021 ला कॉरिडॉरचं, म्हणजे देवळापासून गंगेपर्यंत मोकळ्या केलेल्या जागेचं, उद्घाटन झालं, त्याच्या आधी त्या भागातली शेकडो घरं विकत घेऊन पाडली, लाहोरी टोला तर मोहल्ला म्हणून जवळजवळ गेलाच. आता ललिता घाटावरून सरळ देवळात जाता येतं हे सोयीचं झालं हे मान्य, पण त्या गल्ल्यांत दारादारात जी देवळं होती ती आता मोकळ्या चौकात एकेकटी उभी आहेत, ते काही माझ्या मनाला पटत नाही. असो, तो या पत्राचा विषय नाही.

मणिकर्णिकेच्या आसपास स्वस्त खोल्या बऱ्याच मिळतात, त्या का स्वस्त आहेत ते पण कोणीतरी सांगायला हवं. तिथे चिता रात्रंदिवस पेटलेल्या असतात, गल्लीतून 'राम नाम सत्य है' म्हणत तिरड्या जात असतात, लाकडाच्या वखारी, धूर वारा असेल तसा खोलीत येतो. काही जणांना तेच हवं असतं आणि त्यात चूक काहीच नाही, काशीला जायचं कारणच ते आहे असं मानणारे आमच्या ओळखीत आहेत. पण लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना बुकिंग झाल्यावर कळू नये एवढंच.

आता खरं जे लिहायचं होतं ते. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट, भोसले घाट, मग पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, हा सगळा पट्टा म्हणजे काशीतलं आपलं माहेर आहे आणि तुमच्या लेखात त्याचं नाव पण नव्हतं!! पाचशे वर्षांपूर्वी पैठणहून भट्ट घराणं काशीला गेलं, त्याच घराण्यातले नारायणभट्ट आणि पुढे 1674 ला रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट. एकनाथांनी भागवत पूर्ण केलं ते पण काशीतच. आजचं विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमाराला उभं केलं हे सगळ्यांना पाठ असतं, पण पंचगंगेवरचा तो दगडी हजारा दीपस्तंभ पण त्यांचाच म्हणतात आणि तिथलं बिंदुमाधवाचं आत्ताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, म्हणजे आमच्या साताऱ्याकडचं, हे किती जणांना माहितीये? शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधला आणि बांधकामाच्या भाराने खचला, शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही तिरकं होऊन पाण्यात उभं आहे. दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत अजून मराठी घरं आहेत, ओसरीवर मराठी ऐकू येतं, जरा बनारसी वळणाचं, पण आपलंच. गणपती बसतात. तीर्थश्राद्ध करायला जाणाऱ्यांना तिथे मराठी गुरुजी मिळतात, आधी सांगून ठेवलं तर घरचं वरण-भात-तूप पण मिळतं. काळभैरव इथून चालत, आणि कार्तिकात पंचगंगेवर उंच बांबूंना करंड्यांतून आकाशदिवे टांगतात, ते दशाश्वमेधच्या लाउडस्पीकरवाल्या आरतीपेक्षा मला दहापट आवडतं, ज्याची त्याची आवड म्हणा.

या भागात गर्दी कमी, दलाल कमी, भाडं पण कमी. तोटे पण सांगतो नाहीतर कोणीतरी माझ्या नावाने बोटं मोडेल. पंचगंगेच्या पायऱ्या काशीतल्या सगळ्यात उभ्या पायऱ्यांपैकी आहेत, वर गल्लीतून खाली पाण्यापर्यंत जाऊन परत चढायचं म्हणजे चांगला व्यायाम होतो. गाडी मैदागिन नाहीतर विश्वेश्वरगंजपर्यंत, तिथून पुढे पायी. माकडं आहेत, म्हणून खिडक्यांना गज असतात, गच्चीत कपडे वाळत घातले तर ते सापडतील याची गॅरंटी नाही. आणि रात्री दहानंतर पहिल्यांदाच पोचत असाल तर गल्ली अजिबात सापडत नाही, लॉजवाल्याला मैदागिनला माणूस पाठवायला सांगा, पाठवतात. स्टेशनवरचा रिक्षावाला 'वो होटल तो बंद हो गया' म्हणाला तर त्याच्यासमोरच लॉजला फोन लावायचा, लगेच हॉटेल परत उघडतं.

सीझनचं पण बघायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गंगा चढली की एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायची वाटच पाण्याखाली जाते, नावा बंद, आरती कुठल्यातरी गच्चीवर. धोक्याची पातळी 71.26 मीटर आहे आणि 1978 ला पाणी 73.90 पर्यंत गेलं होतं. त्यामुळे पितृपक्षात जाणारे आपले लोक घाटावरची महागडी खोली घेतात आणि मग चार दिवस खिडकीतून गढूळ पाणी बघत बसतात, त्या दिवसांत सरळ रस्त्याच्या बाजूला, लक्सा नाहीतर भेलूपुरला राहावं. पाणी उतरल्यावर पण पायऱ्यांवर गाळाचे थर असतात, पंप लावून धुवत असतात. उलट कार्तिक पौर्णिमेला, देवदिवाळीला, नदीकडच्या खोल्या कित्येक महिने आधी जातात आणि भाडं किती पटीने वाढतं ते सांगण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास लेट होतात, तेव्हा दुपारी पोचणारी गाडी मध्यरात्री पोचेल असं धरूनच पहिल्या रात्रीची खोली रस्त्यालगत घ्यावी आणि सकाळी उजेडात गल्लीत जावं.

संपादक साहेब, पत्र लांबलं, काटछाट करणार असाल तर मलइयोवाला भाग काढा, पण ब्रह्मा घाटाचा ठेवा. आणि पुढच्या वेळी अशी पुरवणी काढाल, मग ती काशीची असो, उज्जैनची असो नाहीतर तंजावरची, तर एक फोटो कमी करून तिथे छोटासा नकाशा छापा, ज्यात गाडी कुठपर्यंत जाते, पायऱ्या कुठे आहेत आणि मराठी माणसांची वस्ती कुठे आहे एवढं दाखवलेलं असेल. लोक कात्रण कापून पाकिटात ठेवतील.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सातारा