कोणी गेलेलं नाही, शुक्रवार होता

साल्वादोर, बाहिया, ब्राझील

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. डाळ-तांदूळ मिळतात, आणि बाबा, अंधार पडल्यावर मी एकटी फिरत नाही.

आई, परवाच्या फोटोत आम्ही सगळ्या पांढऱ्या कपड्यांत दिसलो म्हणून तू घाबरलीस. कोणी गेलेलं नाही. शुक्रवार होता. इथे शुक्रवारी कितीतरी लोक पांढरं घालतात, बँकेतला कॅशिअर, माझे सरसुद्धा. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा ओशाला नावाचा देव आहे. त्याला पांढरं प्रिय आणि शुक्रवार त्याचा. मालकांना हे खपायचं नाही, म्हणून लोकांनी त्याला इथल्या बोंफिं चर्चमधल्या ख्रिस्ताच्या आडून पुजलं. आता चर्चला जाणारेही पांढरं घालतात, न जाणारेही. मीही दोन कुर्ते घेतलेत. तिकडे घेऊन येणार नाही, काळजी नको.

‘एवढं शिकून काळ्यांच्या वस्त्या हिंडते’ म्हणणाऱ्या काकूंना सांग, त्या वस्त्यांत मला आधी जेवायला वाढतात, मग माझे प्रश्न ऐकतात.

काशोएराजवळ खाडीकाठी किलोंबो आहेत, पळून गेलेल्या आणि सुटलेल्या गुलामांच्या वंशजांची गावं. गुलामगिरी १८८८मध्ये संपली, पण जनगणनेत यांना वेगळं मोजलं ते थेट २०२२मध्ये. १३ लाखांच्या वर निघाले, सर्वांत जास्त बाहियात. बायका भाट्याच्या खाडीतल्यासारखीच कालवं काढतात. त्यातल्या एकीच्या हाताला आंघोळ करताना छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून राहून गेलं. मग घरोघर फिरणाऱ्या, आपल्या आशाताईंसारख्या बाईने तिला तपासणीची चिठ्ठी मिळवून दिली. मतदार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली ती चिठ्ठी तिने मला दाखवली. बोटं कालवांनी चिरलेली, पिशवी सुटता सुटेना. मॅमोग्राफीची, म्हणजे छातीच्या एक्स-रेची, तारीख आली ती नेमकी अमावास्येची, मोठ्या ओहोटीची. त्या दिवशी शहर गाठायचं म्हणजे महिन्यातली सगळ्यात चांगली कमाई सोडायची. नाही गेली.

सरकारी उपचार इथे फुकट आहेत. निदान झालं की ६० दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत असा २०१२चा कायदाही आहे. पण ते दिवस मोजायचे रिपोर्ट आल्यानंतर. संशय आल्यावरच्या तपासण्यांनाही २०१९मध्ये ३० दिवसांची मुदत घातली, ती कागदावर. काळ्या बायकांचा स्तनाचा कॅन्सर उशिरा सापडतो तो या मधल्या वेळात. ट्रिपल निगेटिव्ह हा झपाट्याने वाढणारा प्रकार त्यांच्यात जास्त दिसतो हे खरं, पण सगळं रक्तावर ढकलणं मला पटत नाही.

आता तू चिडशील. मावशीचं काय झालं ते आपल्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, आणि तुझी पन्नाशी कधीच उलटली. टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली. शिकवून तयार केलेल्या बायकांनी त्यातल्या निम्म्याजणींना दर दोन वर्षांनी नुसतं हाताने तपासलं, तरी तपासलेल्या पन्नाशीपुढच्यांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. ‘मला काही होत नाही’ हे डॉक्टरीणबाईंना सांग, मला नको. दादा गाडीने नेईल. मी असते तर मीच नेलं असतं, आणि येताना मिसळ खाल्ली असती.

पैसे पाठवलेत, ४० हजार. दादाच्या लग्नाच्या हॉलची आगाऊ रक्कम त्यातून द्या. मुहूर्त शक्यतो मे महिन्यातला धरा. डिसेंबरात मला यायला मिळणार नाही. करार एक वर्षाने वाढवून घेतलाय, फोनवर बोलायचं राहत गेलं. रजेचं बघते, पण गणपतीलाही माझी वाट बघू नका. पुण्याच्या स्थळाला थांबायला सांगू नका, सरळ नाही म्हणा. मुलगा चांगलाच असेल.

बाबा, तपासणीचे ५ हजार तुमच्या खात्यात वेगळे टाकलेत. ते हॉलवाल्याला देऊ नका.

तुमची,
मनू