अवयव मागण्याआधी मृत्यूच्या निदानावर विश्वास बसू द्या : खानदेशातून आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मेंदूमृत्यूचे प्रमाणीकरण अवयवदानापासून वेगळे करण्याबाबत.

माननीय महोदय,

दरवर्षी ३ ऑगस्ट, म्हणजे भारतीय अवयवदान दिन, जवळ आला की धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्येही अवयवदानाच्या प्रभातफेऱ्या निघतात, महाविद्यालयांत सामूहिक शपथ होते आणि नमुना क्रमांक ७ ची प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जातात. या मोहिमेला माझा विरोध नाही. मीही ते पत्र भरलेले आहे. मात्र शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी अतिदक्षता विभागाच्या बाहेर, नातेवाइकांच्या शेजारी बसण्यात गेली, आणि तिथून पाहताना अवयवदान कुठे अडते याचे उत्तर फलकांवरच्या उत्तरापेक्षा वेगळे दिसते. लोकांना दान करायचे नसते असे नाही. आपला माणूस खरोखर गेला आहे यावर त्यांचा विश्वास बसलेला नसतो, आणि तो बसावा अशी आपली कार्यपद्धती नाही.

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. डोक्याला मार लागलेले, बहुधा दुचाकीवरचे आणि बहुधा तरुण रुग्ण इथे रोजचे आहेत. श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूस्तंभाचे काम कायमचे थांबलेले असते, म्हणजे मेंदूमृत्यू झालेला असतो, पण व्हेंटिलेटरमुळे श्वास सुरू असतो, हृदय चाललेले असते, अंग गरम असते. अशा वेळी साक्री किंवा शिरपूरकडून आलेला बाप विचारतो, ‘‘छाती तं हाली ऱ्हायनी, मंग तो गया कसा?’’ या प्रश्नाला अज्ञान म्हणून झटकणे सोपे आहे. माझ्या मते वैद्यकशास्त्राला विचारता येण्याजोगा हा सर्वांत रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शांतपणे, पुन्हा पुन्हा आणि अवयवांचा उल्लेख न करता मिळणे हा त्या बापाचा हक्क आहे.

कायद्याने हे उत्तर देण्याची व्यवस्था चांगली केली आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने मेंदूमृत्यू प्रमाणित करायचा असतो. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणीही त्या मंडळात असू शकत नाही. या तपासण्यांतच व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला करून, प्राणवायू चालू ठेवून, रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का हे पाहिले जाते आणि धमनीतील रक्तात कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते मोजले जाते. मेंदूविकारतज्ज्ञ मिळत नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालतो, ही सवलत २०११ च्या दुरुस्तीने दिली, आणि ती आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी फार मोलाची आहे.

प्रश्न असा की या तपासण्या केव्हा होतात? कुटुंब दानाला राजी होईल असे वाटते तेव्हा. एरवी ‘प्रकृती अत्यवस्थ’ एवढेच सांगून हृदय बंद पडण्याची वाट पाहिली जाते. परिणामी ज्या कुटुंबाला ‘ब्रेन डेड’ हे शब्द ऐकू येतात, त्याला त्यापाठोपाठ अवयवांची मागणीही ऐकू येते, आणि डॉक्टरांनी मागणीसाठीच मृत्यू जाहीर केला असा संशय त्याच्या मनात आला तर त्याला दोष देता येत नाही. मृत्यूचे निदान रुग्णासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी व्हायला हवे, तिसऱ्या कोणाच्या गरजेसाठी नव्हे. यात अवयवाची वाट पाहणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही असे कृपया समजू नये. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणारी माणसेही मी जवळून पाहिली आहेत.

याची दुसरी बाजू पैशाची आहे आणि ती अधिक क्रूर आहे. दानाला नकार दिलेल्या मेंदूमृत रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायचा की नाही, याबद्दल डॉक्टर कचरतात, कारण प्रत्यारोपणाचा कायदा मेंदूमृत्यूला मृत्यू मानतो, तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या व्याख्येत मेंदूमृत्यूचा उल्लेखच नाही. खासगी रुग्णालयात या संदिग्धतेचे दिवसागणिक बिल होते. एका खासगी रुग्णालयात मी असे कुटुंब पाहिले आहे, ज्याने नकार दिल्यानंतरच्या दिवसांचे पैसे केळीच्या बागेवर उचल घेऊन भरले. केरळ शासनाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढून मेंदूमृत्यूचे प्रमाणीकरण दानाच्या निर्णयापासून वेगळे केले. महाराष्ट्राने तसे का करू नये, याचे पटणारे कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

खानदेशात आता धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशी तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. ती आपल्या खात्याखाली नाहीत, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, हे मला ठाऊक आहे. दोन्ही खात्यांतले हे अंतर रुग्णाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच अपेक्षा. प्रत्यारोपण होत नसलेल्या रुग्णालयालाही अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी घेता येते. तरीही अंतराचा हिशेब सुटत नाही : काढलेले हृदय साधारण चार ते सहा तासच टिकते, मूत्रपिंड त्याहून बरेच जास्त. म्हणून आरंभ मूत्रपिंडांपासून आणि नेत्रदानापासून करावा. धुळ्याहून हृदय वेळेत पोहोचवण्याचे स्वप्न नंतर पाहता येईल.

संमतीबद्दल थोडे अधिक सांगतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या कुटुंबापुढे नमुना क्रमांक ८, म्हणजे नातेवाइकांचे संमतीपत्र, ठेवला जातो, तेव्हा पावरी किंवा भिली बोलणारे कोणी तिथे असतेच असे नाही, आणि रुग्णाला आणणाऱ्या शेजाऱ्याला दुभाषा करून निभावले जाते. अपघाताचे प्रकरण असल्याने पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनही असते. अवयव काढताना न्यायवैद्यक तज्ज्ञाला सोबत बोलावण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती वापरली नाही तर मृतदेह मिळायला उशीर होतो आणि त्या उशिराचा दोष गावात दानाला लागतो. अवयव काढण्याचा व जपण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, हेही नियमात आहे. ते नातेवाइकांना आधी तोंडी आणि नंतर लेखी सांगितले जावे.

जिवंत दात्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. देशात २०१९ ते २०२३ या काळात ५६,५०९ जिवंत व्यक्तींनी अवयव दिले. त्यांत ३६,०३८ स्त्रिया होत्या. परक्या दात्याची छाननी प्राधिकार समिती करते, पण पत्नी, आई किंवा बहीण देत असेल तर ते प्रेम आहे असे गृहीत धरून पुढे जाण्याकडे कल असतो. बऱ्याचदा ते प्रेम असतेही. २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असल्यास अधिक दक्षता घ्यायची आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळायची असते. सासर-माहेर बाहेर बसवून, तिच्या बोलीत, ‘नाही’ म्हटल्यास ते घरी कळणार नाही अशी हमी देऊन ही पडताळणी होते का, हे आपल्या खात्याने तपासावे. नकारासाठी ‘वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ एवढेच कारण घरच्यांना सांगण्याची मुभा डॉक्टरांना असावी. हे खोटे बोलणे आहे असा आक्षेप मी ऐकला आहे. त्या बाईला त्याच घरात परत जायचे असते, हे आक्षेप घेणारे विसरतात.

आपल्याकडे माझी मागणी एका शासन निर्णयाची आहे. व्हेंटिलेटर असलेल्या प्रत्येक रुग्णालयात, मेंदूमृत्यूची लक्षणे दिसताच, दानाचा विषय निघण्यापूर्वी प्रमाणीकरण व्हावे. त्या प्रमाणपत्राच्या वेळेनंतर दानाला नकार देणाऱ्या कुटुंबाकडून अतिदक्षतेचे शुल्क घेतले जाऊ नये. आणि अशा प्रमाणीकरणांची जिल्हावार संख्या, दान झाले की नाही याची पर्वा न करता, दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावी. अवयवदानाबद्दल कुटुंबाशी बोलणाऱ्या समन्वयकांची पदे भरताना तिन्ही जिल्ह्यांत अहिराणी, भिली आणि पावरी बोलता येणाऱ्यांना प्राधान्य द्यावे. येत्या ३ ऑगस्टच्या प्रभातफेरीआधी हा निर्णय निघाला, तर त्याच्या प्रती वाटण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय),
धुळे