रंगाचा डबा बंद करायला लावणाऱ्या काकांना

मालवण

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही फोनवर असलं काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमची नात वाचून दाखवील. आमचं छपाईचं मशीन दुरुस्त करून दिलंत म्हणून समोर येऊन आभार मानायला दोनदा आले होते. दोन्ही वेळा तुम्ही ‘बस, च्या घे’ म्हणालात आणि लेथ, तुमचं कातकामाचं यंत्र, चालू केलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या वर्षी मेच्या अखेरीस ते मशीन आम्ही रत्नागिरीहून छोट्या हत्तीत घालून आणलं. चार कलर, चार स्टेशन, हाताने फिरवायचं स्क्रीन प्रिंटिंगचं मशीन: मधल्या खांबाभोवती चार हात, प्रत्येक हातावर एका रंगाची जाळी म्हणजे स्क्रीन, आणि खाली पिशवी ठेवायचे चार पाट. एका बंद पडलेल्या छपाईच्या दुकानामागे, समुद्राच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये ते सहा वर्षं उभं होतं. विकणारा म्हणाला, तेल दिलं की झालं. अठ्ठावीस हजार मोजले. ते पैसे आमच्या बचत गटाचे, अकरा जणींचे. हातखंब्यापासून कसालच्या फाट्यापर्यंत मी मागे वळून वळून दोऱ्या सैल झाल्या नाहीत ना ते बघत होते.

तोवर आम्ही टेबलावर एका रंगात कापडी पिशव्या छापत होतो. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा हे काम सुरू केलं. पुढे काजूवाले, कोकमवाले दोन-दोन रंग मागू लागले. टेबलावर दुसरा रंग नजरेच्या अंदाजाने बसवायचा म्हणजे दहातल्या तीन-चार पिशव्या बाद. मशीन लागणारच होतं आणि नवं परवडणारं नव्हतं.

घरी आणून चाचणी घेतली तर दुसरा रंग कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने सांगितलं, पुढचं गेट, म्हणजे हात येऊन बसतो ती खाच, ठोकून घट्ट करा, वेल्डिंगचा एक टिपका मारा, वरून रेड ऑक्साइड आणि सिल्व्हर रंग. मी रंग आणलासुद्धा. तुमच्याकडे आले ती फक्त एक तुटलेली पिन, ज्यावर मशीनचा हात मागच्या बाजूला वरखाली होतो ती, करून घ्यायला.

जून लागला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तुमच्या दारात प्रोपेलरच्या शाफ्टांची रांग. तुमचे वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस. तरी तुम्ही पिन हातात फिरवून बघितलीत आणि विचारलंत, ‘ही एकाच बाजून कित्याक झिजली?’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच संध्याकाळी, पावसात, स्कूटरवरून तुम्ही आमच्या पडवीत आलात. मशीनला हात लावायच्या आधी माझ्या हातातला ब्रश बघितलात. ‘गे चेडवा, रंगाचो डबो बंद कर. आधी हेका गोड्या पाण्यान धू.’

गंजलेलं लोखंड धुवायचं, हे मला तेव्हा उलटंच वाटलं. तुम्ही समजावलंत की खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या लोखंडावर गंजाच्या खाली मीठ बसलेलं असतं. ते तसंच ठेवून रंग मारला तर मीठ ओलावा ओढत राहतं आणि दोन पावसांत रंगाला फोड येतात. बोटींच्या पत्र्याचं हेच होतं म्हणालात. मग तारेचा ब्रश, पाणी, पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून रॉकेलचा हात. तीन दिवस आम्ही चौघी तेच करत होतो. तो रंग अखेर लागला ऑक्टोबरमध्ये, कडक उन्हात. आज त्यावर एक फोड नाही.

मधल्या खांबाची दोन्ही बेअरिंगं तुम्ही पुलर लावून काढलीत. ६२०६ नंबर, आत पिवळट दगड झालेलं ग्रीस. दुकानदार पत्र्याच्या झाकणाची देत होता. तुम्ही माझ्या फोनवरून त्याला सांगितलंत, रबर सीलचीच पाहिजेत, इथल्या हवेला पत्र्याचं झाकण अडवत नाही. किमतीत फार फरक नव्हता. मला तो प्रश्न विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं.

पण मला खरं लिहायचं आहे ते डायल गेजबद्दल.

रविवार होता. तुम्ही लाकडी पेटीतून ते घड्याळासारखं गेज काढलंत, स्टँडवर बसवलंत, आणि त्याची टोचणी मशीनच्या एका हाताच्या टोकाला टेकवलीत. मला म्हणालात, हात उजवीकडे ढकल, आता डावीकडे. काटा मधल्या रेषेपासून एकेका बाजूला १.२ मिलिमीटर गेला. मग गेज मागे, पिनपाशी नेलंत. तिथला ढिलेपणा निघाला फक्त ०.१५. मी म्हटलं, एवढासा? तुम्ही जमिनीवर खडूने आकृती काढलीत. पिन बसते ती जागा ७५ मिलिमीटर रुंद. पिनपासून टोकापर्यंत हात ६०० मिलिमीटर. आठपट. मागे केसाएवढं हललं की पुढे आठ केसांएवढं हलणार, आणि आमची काळी रेघ पिवळ्या काजूच्या बाहेर पडायला तेवढं पुरे.

ती आकृती मी पुसू दिली नाही. पाऊस आत येऊन ती गेली, पण वहीत उतरवून ठेवली आहे.

मग तुम्ही गेट दाखवलंत, पाटाच्या पुढची ती खाच, जिच्यात हात येऊन बसतो. तीही झिजली होती, आणि मेकॅनिकला दोष तिथेच दिसला होता. तुम्ही म्हणालात, गेट झिजलं ते पिनमुळे. हात मागून वाकडा येतो आणि दर वेळी गेटच्या एकाच गालावर घासतो. नुसतं गेट घट्ट केलं तर चार दिवस छपाई बरी येईल, पुढे नवं गेटही तसंच झिजेल. आणि वेल्डिंगचा टिपका मारला असता तर ते पुन्हा कधी नीट जुळवताच आलं नसतं. मी त्या टिपक्यापासून एका दिवसाच्या अंतरावर होते, काका.

चारही हातांचे बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, तुम्ही गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) केलेत. प्रोपेलरच्या शाफ्टाच्या बुशांमधून उरलेले तुकडे वापरलेत, म्हणून खर्च वाचला. लोखंडात लोखंड फिरलं की इथे गंजून धरतं, गनमेटल धरत नाही. पिना नव्या, आणि बुश आतून इतके नेमके कातलेले की तेल लावून पिन सरकवली तर ती आपल्या वजनाने हळूहळू खाली जायची. तुम्ही ते मला चारदा करून दाखवलंत. चौथ्यांदा तुमच्याही चेहऱ्यावर समाधान होतं, ते मी बघितलं. गेटच्या गालांना स्टेनलेसच्या पट्ट्या लावल्यात त्या शेवटी.

स्प्रिंगा मोटरसायकलच्या मेन स्टँडच्या. त्या एका वाक्यात सुचवून तुम्ही मोकळे झालात, आणि आता वर केलेला हात कोणाच्या बोटांवर आपटत नाही.

पाट मात्र सगळेच फुगले होते. तुम्ही मरीन प्लायच घ्यायला लावलंत, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून. बसवल्यावर पुन्हा ते गेज आलं. एका हाताला बांधून चारही पाट त्याच्याखालून फिरवले. एक पाट ०.९ खाली, एक ०.४ वर. पितळी पत्र्याचे तुकडे घालून सगळे एका उंचीला आणलेत. स्क्रीन आणि कापड यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर लागतं, स्क्विजी, म्हणजे रंग ओढायची रबरी पट्टी, पुढे सरकली की मागची जाळी लगेच सुटून वर यायला हवी. पाट खालीवर असले तर एक पिशवी गडद छापते आणि पुढची फिकी. आम्ही इतके दिवस रंगाला दोष देत होतो, रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर बदलत होतो.

छपाईतलं तुम्हाला काही येत नाही असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात. जाळी ४३ नंबरची की ७७ ची (सेंटीमीटरला तेवढे धागे), हे तुम्ही खरंच आम्हाला विचारलंत आणि लक्ष देऊन ऐकलंत. पावसाळ्यात इमल्शन, म्हणजे जाळीवरचा उजेडाने घट्ट होणारा लेप, वाळत नाही म्हणून आम्ही फ्रेमसाठी बंद कपाटात छोटा पंखा आणि पिवळा बल्ब लावला, तर तुम्ही ते कपाट उघडून आत हात घालून हवा कुठून येते ते बघितलंत. सत्तरीच्या आसपासचा माणूस एवढ्या कुतूहलाने काही बघतो, याचा आमच्यातल्या दोन तरुण मुलींवर परिणाम झाला आहे. एक जण आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कातकामाचा, फॉर्म भरणार म्हणते. तिच्या घरी अजून होकार नाही, पण ती म्हणते आहे.

आंगणेवाडीच्या जत्रेआधी काजूवाल्याची सहाशे पिशव्यांची ऑर्डर गेली. पिवळा काजू, काळी रेघ, तपकिरी अक्षरं. बाद निघाल्या नऊ. पहिली पिशवी मी तुम्हाला आणून दिली तेव्हा तुम्ही चित्र बघितलंच नाहीत. चष्मा चढवून दारातल्या उजेडात काळ्या रेघेची कड बघत राहिलात, काजूभोवती पूर्ण फिरवून. मग काकूंना हाक मारून दाखवलंत. काकू म्हणाल्या, बाजाराक नेऊक बरी आसा.

तुमच्या चिठ्ठीवर बेअरिंगं, स्टेनलेस, पिनांचं लोखंड आणि ‘मजुरी – मागसून’ एवढंच आहे. गटाच्या बैठकीत ती चिठ्ठी वाचली. मजुरीचे पैसे आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत आणि वहीत तुमच्या नावाने लिहिले आहेत. ‘मागसून’ कधी ते तुम्ही ठरवा, पण ते तुमचेच आहेत.

डायल गेज अजून माझ्याकडे आहे. दर महिन्याला चारही हात मोजते आणि आकडे लिहून ठेवते. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त निघाला तिसरा हात, टोकाला ०.१८. गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं आहे, तुम्ही सांगितलं तसं. सोमवारी वही आणि गेज दोन्ही घेऊन येते. तिसऱ्या हाताचे आकडे एकदा बघा.

तुमची,
पिशव्यांवाली
आणि गटातल्या आम्ही अकराही जणी